हॅम परवान्याचे नूतनीकरण एफसीसीकडे अडकल्यास काय करावे: अर्ज कोठे थांबला आहे हे ओळखण्यापासून न्यायालयापर्यंत

अमेरिकेत हौशी रेडिओचा, म्हणजेच हॅम रेडिओचा, परवाना दहा वर्षांसाठी मिळतो आणि त्याचे नूतनीकरण फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, आपल्या युनिव्हर्सल लायसन्सिंग सिस्टिम या संगणक प्रणालीतून करते. या प्रणालीला सगळे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, यूएलएस म्हणतात. अर्ज नीट भरलेला असेल आणि शुल्क जमा झाले असेल, तर बहुतेक अर्ज माणसाच्या हाती जातच नाहीत. रात्रीच्या संगणकीय फेरीत ते मंजूर होतात आणि एकदोन दिवसांत नवी प्रत उपलब्ध होते. म्हणूनच एखादा अर्ज आठवडाभर हलला नाही की मन धास्तावते, आणि धास्तावलेला अर्जदार नेमकी तीच चूक करतो जी करू नये: तो दुसरा अर्ज भरतो. एकाच परवान्यावर दोन अर्ज प्रलंबित राहिले की गुंता वाढतो, आणि मूळ अर्ज कशामुळे थांबला होता हा प्रश्न तसाच राहतो.

या लेखाचा भर एका गोष्टीवर आहे. परवान्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज एफसीसीकडे पोहोचला असेल, तर निर्णयाला होणारा उशीर अर्जदाराच्या हक्काला सहसा बाधा आणत नाही. बाधा येते ती अर्ज फेटाळला गेल्याने किंवा आलेल्या नोटिशीकडे दुर्लक्ष झाल्याने. तेव्हा उशीर झाला म्हणून घाई करण्यापेक्षा तो कोणत्या जातीचा उशीर आहे हे आधी ओळखावे.

तारखांचा हिशेब

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, त्याआधी करता येत नाही. समजा परवाना २० नोव्हेंबरला संपतो. तर २२ ऑगस्टपासून अर्ज करता येईल. एफसीसीच्या नियमावलीच्या हौशी रेडिओविषयीच्या भाग ९७ मधील कलम ९७.२१ सांगते की मुदत संपण्याच्या दिवसापर्यंत अर्ज मिळाला असेल, तर त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत परवान्याखालील अधिकार चालू राहतात. हे एफसीसीचे औदार्य नाही. वेळेत केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत जुना परवाना संपत नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यातही आहे. त्यामुळे निर्णयाला तीन आठवडे लागोत की तीन वर्षे, वेळेत अर्ज केलेल्या हॅमने प्रक्षेपण थांबवण्याचे कारण नाही.

मुदत उलटल्यानंतर अर्ज केला तर चित्र अगदी उलटे आहे. त्यानंतर दोन वर्षांची सवलतीची मुदत मिळते, परीक्षा न देता नूतनीकरण करता येते आणि तोवर आपले कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह, दुसऱ्या कोणाला दिले जात नाही. मात्र नूतनीकरण मंजूर होईपर्यंत प्रक्षेपणाचा कोणताही अधिकार राहत नाही. या काळात रिगवर, म्हणजे आपल्या रेडिओ संचावर, फक्त ऐकावे. 'ग्रेस पीरियड' या नावामुळे अनेकांचा समज होतो की दोन वर्षे नेहमीप्रमाणे बोलता येते. हा समज चुकीचा आहे आणि महागात पडू शकतो.

आता शुल्काचा सापळा पाहू, कारण प्रत्यक्षात सर्वाधिक अर्ज येथेच अडकतात. १९ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाला ३५ डॉलर शुल्क आहे. अर्ज सादर करणे आणि शुल्क भरणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि शुल्क अर्ज सादर केल्यापासून दहा दिवसांत भरावे लागते. हे दहा दिवस कॅलेंडरचे आहेत. शनिवार-रविवार त्यातच मोजले जातात. वरच्या उदाहरणातील हॅमने १२ नोव्हेंबरला अर्ज सादर केला, पडद्यावर फाइल क्रमांक दिसल्यावर काम झाले असे समजून ब्राउझर बंद केला आणि २३ तारखेला आठवण झाली, तर दहा दिवसांची मुदत आदल्या दिवशीच संपलेली असते. अर्ज फेटाळला जातो. प्रलंबित अर्जच उरला नाही म्हणून त्याच्या आधाराने चालू असलेला अधिकारही उरत नाही, आणि परवाना तर २० तारखेलाच संपलेला आहे. नवा अर्ज करता येतो, पण तो सवलतीच्या मुदतीतला, म्हणजे मंजुरी येईपर्यंत मौन पाळायला लावणारा. म्हणून अर्ज सादर करावा त्याच बैठकीत शुल्कही भरावे, आणि पावतीची पीडीएफ प्रत अर्जाच्या प्रतीसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवावी.

अर्ज कोठे थांबला आहे

यूएलएसमध्ये अर्जांचा शोध सर्वांसाठी खुला आहे. त्यासाठी लॉगिन लागत नाही. फाइल क्रमांक किंवा कॉल साइन घालून अर्ज उघडावा आणि केवळ पहिल्या पानावरची स्थिती वाचून न थांबता इतिहासाचे पान उघडावे. पहिल्या पानावर 'पेंडिंग' एवढाच शब्द दिसतो आणि त्यातून काहीच कळत नाही. इतिहासाच्या पानावर मात्र अर्ज कधी मिळाला, शुल्काची नोंद कधी झाली, अर्ज संगणकीय फेरीतून बाहेर काढला गेला का, पत्र पाठवले गेले का, हे तारखांसह ओळीने लिहिलेले असते. आठवड्यातून एकदा या पानाची प्रत जतन करावी. पुढे कोणाकडे दाद मागावी लागली, तर ओळीने लावलेल्या या चार-पाच प्रती लांबलचक तक्रारअर्जापेक्षा अधिक बोलतात.

इतिहासात शुल्काची नोंदच दिसत नसेल तर प्रश्न पैशांचा आहे. शुल्क भरूनही नोंद नसेल, तर ते दुसऱ्या एफआरएनखाली गेले आहे का ते पाहावे. एफआरएन हा एफसीसीने दिलेला दहा अंकी नोंदणी क्रमांक असतो, आणि वर्षांपूर्वी काढलेला क्रमांक विसरून नवा काढल्यामुळे अनेकांच्या नावावर नकळत दोन क्रमांक असतात. परवाना एका क्रमांकाशी जोडलेला आणि पैसे दुसऱ्याच्या नावावर, असे झाले की प्रणाली आपल्या परीने बरोबर वागते आणि अर्ज तरीही पुढे सरकत नाही. अशा वेळी एफसीसीच्या मदतकक्षाशी संपर्क साधून फाइल क्रमांक, दोन्ही एफआरएन आणि पावती एकत्र द्यावी. पुन्हा पैसे भरू नयेत.

शुल्काची नोंद आहे, पण अर्ज फेरीबाहेर काढून कर्मचाऱ्याच्या तपासणीला ठेवला आहे, असे दिसले तर कारणे मोजकीच असतात.

पहिले म्हणजे थकबाकी. एफसीसीच्या नियमांत 'रेड लाइट' या नावाने ओळखली जाणारी तरतूद आहे: अर्जदाराच्या एफआरएनवर आयोगाची काही रक्कम थकलेली असेल, मग ती हौशी परवान्याशी संबंधित नसली तरी, अर्जावरील कार्यवाही रोखली जाते आणि ३० दिवसांत ती फेडण्याची किंवा फेडण्याची व्यवस्था करण्याची संधी दिली जाते. तसे न केल्यास अर्ज फेटाळला जातो. जुन्या व्यावसायिक रेडिओ परवान्याचे शुल्क किंवा विसरलेला दंड यांमुळे हा लाल दिवा लागतो. कोअर्स या नोंदणी प्रणालीत लॉगिन केल्यावर आपल्या क्रमांकाचा दिवा हिरवा आहे की लाल हे दिसते. ते अर्ज करण्यापूर्वीच पाहावे.

दुसरे कारण 'होय' हे उत्तर. सप्टेंबर २०१७ पासून फॉर्म ६०५ या अर्जाच्या नमुन्यात अर्जदाराला राज्य किंवा संघीय न्यायालयात गंभीर गुन्ह्यासाठी, ज्याला तिथे फेलनी म्हणतात, कधी दोषी ठरवले गेले आहे का हा प्रश्न असतो. उत्तर होकारार्थी असेल तर अर्ज आपोआप मंजूर होत नाही. सविस्तर स्पष्टीकरण जोडावे लागते आणि कर्मचारी ते वाचतात. शिक्षा झालेली असणे म्हणजे नकार नव्हे. गुन्ह्याचे स्वरूप, त्याला किती काळ लोटला, त्यानंतरचे वर्तन आणि पुनर्वसनाचा पुरावा यांचा विचार होतो. स्पष्टीकरणात न्यायालय, तारीख, कलम, शिक्षा आणि ती पूर्ण झाल्याचे कागद द्यावेत. ते गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते, पण ती विनंती कारणांसह लेखी असावी. आणि खोटे 'नाही' लिहिण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा, कारण जुना गुन्हा एकवेळ माफ होईल, आयोगाशी केलेली लपवाछपवी सहसा होत नाही.

तिसरे कारण सर्वांत अवघड आहे: अर्जदाराविरुद्ध हस्तक्षेपाच्या किंवा इतर गैरवर्तनाच्या तक्रारी प्रलंबित असणे. खरा दीर्घ उशीर येथे होतो, त्याकडे पुढे वळू.

चौथे कारण कोणाच्याच हातात नसते. केंद्र सरकारच्या खर्चाला मंजुरी न मिळाल्याने कामकाज बंद पडते तेव्हा एफसीसीही थांबते. ऑक्टोबर २०१३ मध्ये यूएलएसच बंद होती, आणि जानेवारी २०१९ च्या सुरुवातीलाही आयोगाने बहुतेक काम थांबवले होते. अशा वेळी काम पुन्हा सुरू झाल्यावर मुदतींबाबत आयोग जाहीर सूचना काढतो. ती वाचून आपली तारीख तीत बसते का ते तपासावे. अर्थात ९० दिवसांची खिडकी उघडताच पहिल्या आठवड्यात अर्ज करणाऱ्याला ही सूचना वाचण्याची वेळ येत नाही.

जाता जाता एक गैरसमज. पसंतीच्या कॉल साइनसाठी केलेल्या अर्जाला अठरा दिवस थांबावे लागते हे अनेकांना माहीत असते, आणि ते नूतनीकरणालाही तितकेच दिवस मोजत बसतात. नूतनीकरणाला असा थांबा नाही.

पत्रे आणि ईमेल

२९ जून २०२१ पासून प्रत्येक परवानाधारकाचा चालू ईमेल पत्ता एफसीसीकडे असणे बंधनकारक आहे आणि नोटिसा त्यावरच येतात. त्या स्पॅममध्ये पडतात, किंवा विद्यापीठाच्या अथवा जुन्या नोकरीच्या बंद झालेल्या पत्त्यावर जातात. मराठी हॅमच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत असताना परवाना काढलेला असतो आणि नंतर गाव, कंपनी, कधी देशही बदललेला असतो. परवान्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही, पण जिथे टपाल मिळू शकेल असा अमेरिकेतील पत्ता लागतो. परतलेल्यांनी तो एखाद्या विश्वासू नातेवाइकाचा किंवा मित्राचा ठेवावा आणि आलेले लिफाफे उघडून फोटो पाठवण्याची परवानगी त्याला आधीच देऊन ठेवावी. पत्ता बदलण्यासाठी शुल्क नाही.

एफसीसीने दुरुस्तीसाठी परत पाठवलेल्या अर्जासोबतच्या पत्रात दुरुस्तीची मुदत लिहिलेली असते. उत्तर द्यायचे ते त्याच अर्जात दुरुस्ती करून द्यायचे. नवा अर्ज करून नव्हे. अर्ज प्रलंबित असताना त्यातील महत्त्वाची माहिती बदलली, तर एफसीसीच्या नियमावलीतील कलम १.६५ नुसार ती ३० दिवसांत कळवणे हेही अर्जदाराचेच कर्तव्य आहे.

पाठपुराव्याचा क्रम

शुल्काची नोंद होऊन आठवडा झाला आणि अर्ज हलला नाही, तर मदतकक्षाकडे पहिली विचारणा करावी. ती अशी असावी: 'फाइल क्रमांक अमुक, कॉल साइन तमुक, अर्ज या तारखेला मिळाला, शुल्काची नोंद या तारखेला झाली, इतिहासात शेवटची नोंद ही आहे. अर्ज कर्मचाऱ्याच्या तपासणीत आहे का, आणि माझ्याकडून काही कागद अपेक्षित आहे का?' एवढेच. परवाना कधीपासून आहे, क्लबात काय कामे केली, वादळात किती मदत केली, हे येथे लिहू नये. समोरच्या कर्मचाऱ्याला एका वाक्यात उत्तर देता येईल असाच प्रश्न विचारावा. विचारणा ऑनलाइन केली तर तिचा क्रमांक मिळतो. फोन केला तर तारीख, वेळ आणि मिळालेले उत्तर वहीत टिपून ठेवावे.

महिना उलटूनही उत्तर 'तपासणीत आहे' असेच येत असेल, तर माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली, ज्याला फोइया म्हणतात, आपल्या अर्जासंबंधीच्या नोंदी मागता येतात. या मागणीवर संस्थेने २० कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तपास चालू असलेल्या प्रकरणातील काही कागद रोखून धरले जाऊ शकतात, पण ते रोखल्याचे कारण लिहून येते, आणि कधीकधी त्या कारणावरूनच कळते की अर्ज कोणत्या विभागाच्या टेबलावर आहे. माझ्या मते या मार्गाचा खरा उपयोग एवढाच आहे, पण तो थोडा नाही.

त्यानंतरची पायरी बहुतेकांच्या मनातही येत नाही, आणि ती सर्वांत गुणकारी ठरू शकते. अमेरिकेच्या कोणत्याही राज्यातील रहिवाशाचा प्रतिनिधीगृहात एक प्रतिनिधी आणि सिनेटमध्ये राज्याचे दोन सदस्य असतात, आणि त्यांच्या कार्यालयांत सरकारी खात्यांकडे अडकलेल्या कामांची विचारणा करणारे कर्मचारी नेमलेले असतात. गोपनीयतेच्या संमतिपत्रावर सही करून, एका पानाचे निवेदन आणि इतिहासाच्या पानाच्या प्रती जोडून दिल्या की ते कार्यालय एफसीसीला लेखी विचारते. अशा पत्रामुळे निकाल अर्जदाराच्या बाजूने लागतो असे नाही. मात्र फाइल कोणातरी जबाबदार अधिकाऱ्यासमोर उघडली जाते. तिन्ही कार्यालयांकडे एकाच वेळी जाऊ नये, नाहीतर एकच उत्तर तीनदा येते.

खरोखरच लांबलेली प्रकरणे

अर्जदाराच्या पात्रतेबद्दल गंभीर शंका असेल, तर एफसीसी थेट नकार देऊ शकत नाही. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम ३०९ नुसार ते प्रकरण सुनावणीसाठी प्रशासकीय विधी न्यायाधीशाकडे पाठवावे लागते. ही सुनावणी खर्चिक आणि संथ असते, त्यामुळे असे अर्ज वर्षानुवर्षे न मंजूर, न नामंजूर अशा अवस्थेत राहिलेले आहेत. २००५ मध्ये आलेला एक नूतनीकरण अर्ज २०११ मध्ये सुनावणीकडे पाठवला गेला. दुसरा २००८ मध्ये सुनावणीकडे गेला आणि त्यानंतर आठ वर्षे उलटली तरी निकालात निघालेला नव्हता. या सगळ्या काळात संबंधित हॅमचे प्रक्षेपण कायदेशीरपणे चालूच होते, आणि ज्यांनी तक्रारी केल्या होत्या त्यांचा संताप समजण्यासारखा होता. नियमाचा हा विरोधाभास मान्य करावा लागतो: उशीर अर्जदाराला वाचवतो आणि त्याच वेळी त्याच्यावरचा संशयही दूर होऊ देत नाही.

सुनावणीचा आदेश आला तर त्यात दिलेल्या मुदतीत लेखी हजेरी नोंदवणे हे पहिले काम. ती न नोंदवल्यास सुनावणीचा हक्क सोडला असे धरले जाऊन अर्ज फेटाळला जाऊ शकतो. येथून पुढे दूरसंचार कायद्याची जाण असलेला वकील घ्यावा. क्लबातल्या जाणकाराचा सल्ला येथे पुरत नाही.

आयोग ना निर्णय देतो, ना सुनावणी ठेवतो, अशी स्थिती फार काळ राहिली तर न्यायालयाकडे जाता येते. प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा अवाजवीपणे रोखून धरलेली कार्यवाही करायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला देतो. योगायोग असा की अवाजवी उशीर कशाला म्हणावे याचे आजही वापरले जाणारे सहा निकष ज्या खटल्यात घालून दिले गेले तो १९८४ चा खटला एफसीसीविरुद्धच होता. वॉशिंग्टन येथील डी. सी. सर्किटच्या अपील न्यायालयापुढे आलेला तो वाद हॅम परवान्याचा नव्हता. एटी अँड टीने ग्राहकांकडून जादा पैसे घेतल्याच्या आरोपांवर आयोग वर्षानुवर्षे निर्णय देत नव्हता. निर्णयाला लागलेला काळ तर्कसंगत आहे का, कायद्याने काही मुदत घालून दिली आहे का, प्रश्न केवळ आर्थिक आहे की माणसांच्या आरोग्याशी आणि कल्याणाशी निगडित आहे, घाई केल्याने संस्थेच्या अधिक निकडीच्या कामांचे काय होईल, असे ते निकष आहेत. संस्थेची दुर्बुद्धी सिद्ध करावी लागत नाही, हेही त्यात आहे. एका हौशी परवान्यासाठी हा मार्ग क्वचितच परवडतो, आणि प्रक्षेपणाचा अधिकार चालूच असेल तर 'आपले नुकसान काय झाले' या प्रश्नाचे उत्तरही द्यावे लागते. तरीही आयोगाला पाठवलेल्या पत्रात या निकषांच्या क्रमाने आपली वस्तुस्थिती मांडली, तर ते पत्र गंभीरपणे वाचले जाण्याची शक्यता वाढते.

अर्ज फेटाळला गेला तर

जाहीर सूचना निघाल्यापासून ३० दिवसांत पुनर्विचाराची याचिका करता येते. ही मुदत कायद्याने ठरवलेली आहे, म्हणून ती वाढवून मिळेल या भरवशावर राहू नये. दोन वर्षांची सवलतीची मुदत मूळ परवाना संपल्याच्या तारखेपासूनच मोजली जाईल, असे धरून चालणे शहाणपणाचे. अर्ज अडीच वर्षे पडून राहून मग फेटाळला गेला, तर ती सवलत तोवर संपलेली असू शकते, आणि पुनर्विचाराचे ते ३० दिवस हाच एक दरवाजा उरतो. तोही बंद झाला, तर ज्याच्याकडे जनरल, ॲडव्हान्स्ड किंवा एक्स्ट्रा वर्गाचा परवाना होता त्याला २०१४ पासूनच्या नियमानुसार वरच्या परीक्षांचे श्रेय मिळते. त्याने फक्त टेक्निशियन या सर्वांत खालच्या वर्गाची परीक्षा पुन्हा द्यायची असते. टेक्निशियन असलेल्याला अर्थात तीच परीक्षा द्यावी लागते.

प्रलंबित काळात प्रवास

अर्ज वेळेत केलेला असेल तर अमेरिकेत प्रक्षेपण करताना संपलेल्या तारखेच्या परवान्यासोबत अर्जाच्या स्थितीची छापील प्रत जवळ ठेवावी. दुसऱ्या हॅमने किंवा रिपीटरच्या, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राच्या, व्यवस्थापकाने तारीख पाहून शंका घेतली, तर वाद न घालता ती दाखवावी. परदेशात मात्र ही प्रत पुरेशी समजू नये. युरोपातील देशांच्या सीईपीटी या दूरसंचारविषयक सामाईक व्यवस्थेखाली पाहुण्या हॅमला जी मुभा मिळते ती चालू परवान्यावर मिळते, आणि एफसीसीच्या देशांतर्गत नियमाने वाढलेला अधिकार दुसऱ्या देशाचा अधिकारी मान्य करीलच असे नाही. सहल ठरलेली असेल आणि नूतनीकरण अडकलेले असेल, तर त्या देशाच्या नियामकाकडून लेखी होकार आल्याशिवाय हँडसेटचे बोलण्यासाठी दाबायचे पीटीटी बटण दाबू नये.

मंजुरी आल्यावर कागदी परवाना टपालाने येईल म्हणून थांबू नये. फेब्रुवारी २०१५ पासून एफसीसी तो आपणहून पाठवत नाही. यूएलएसमध्ये लॉगिन करून अधिकृत प्रत उतरवून घ्यावी आणि तीवरील नाव, वर्ग, पत्ता व नवी समाप्तीची तारीख त्याच दिवशी तपासावी. त्या तारखेच्या ९० दिवस आधीची नोंद फोनच्या कॅलेंडरमध्ये करून ठेवावी, आणि ईमेल पत्ता बदलेल त्या दिवशी तो यूएलएसमध्येही बदलावा.